ताप आलाय, मॅडम

माझ्याकडे सरावाची एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आलेल्या मुलीच्या नावापुढे खूण करायची आणि न आलेलीच्या नावापुढे तिनं सांगितलेलं कारण लिहायचं, ही माझी जुनी सवय. २०२३ च्या ऑगस्टचं पान उघडलं की कारणं अशी दिसतात: ताप. पाय मुरगळला. ताप. आजी आजारी. डोकं दुखतंय. ताप. पुन्हा ताप.

तो ऑगस्ट आमच्याकडे कोरडाच गेला होता. गावात कसली साथ नव्हती. तरी माझ्या खो-खोच्या मुलींना आळीपाळीनं ताप येत होता आणि मी तो इमानेइतबारे लिहून घेत होते. एके दिवशी संघातली एक मुलगी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगात खेळाचे कपडे होते, म्हणजे घरून निघताना तिनं खेळायचं ठरवलेलं होतं. "ताप आलाय, मॅडम." मी सहज तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, घामानं चिकट झालेलं. ओठ पांढरे पडलेले. दोन्ही हातांच्या मुठी तिनं ओटीपोटावर घट्ट दाबून धरल्या होत्या.

मी तिला कडुलिंबाखाली बसवलं आणि सराव पुढे चालू केला. पण शिट्टी वाजवताना माझं लक्ष लागेना, कारण हे वाक्य मी ओळखत होते. हेच वाक्य मी १९९६ साली माझ्या सरांना म्हणाले होते.

मी तेव्हा नववीत होते. तालुक्याचा अंतिम सामना होता आणि आमच्या संघात खांबावर सूर मारायचं काम माझं होतं. आदल्या रात्री पाळी आली. आमच्या घरात तेव्हा पॅड नव्हते. आईच्या जुन्या लुगड्याची घडी असायची. पोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं होत होतं, सकाळपासून दोनदा उलटी झालेली. त्यात सूर मारताना घडी सरकली तर, या भीतीनं मला दुखण्यापेक्षाही जास्त घेरलं होतं. अख्खा तालुका बघत असणार. मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, ताप आलाय." सरांनी हात लावून बघितलं नाही. दोन गड्यांनी आम्ही हरलो. परतीच्या जीपमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ऐन वेळी नाटकं करणाऱ्या पोरी संघात घेऊच नयेत." पुढच्या वर्षी त्यांनी मला घेतलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

सत्तावीस वर्षांनी मी त्यांच्याच जागी उभी होते. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, अठरा वर्षं झाली. बाई आहे, स्वतः खेळलेली आहे, स्वतः हे सोसलेलं आहे. आणि तरी त्याच वहीत, त्याच पानावर, एका मुलीच्या नावापुढे मी लाल पेनानं "टाळाटाळ" असं लिहिलेलं होतं. ते पान मी फाडलेलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मुलींना थांबवून घेतलं. मुलं गेली, शिपाईमामा कुलूप लावून गेले. आधी मीच १९९६ ची गोष्ट सांगितली, उलटीसकट, घडीसकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यात मागे बसलेलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला पण?"

त्यानंतर तासभर कुणी घरी जायचं नाव घेतलं नाही. चौदा जणी होत्या, त्यातल्या फक्त तिघी म्हणाल्या की आम्हाला काही होत नाही. एकीला पहिल्या दिवशी जुलाब होतात. एकीच्या मांड्या आतून इतक्या भरून येतात की जिना चढवत नाही. एकीला कंबरेत कळ येते आणि मग खो-खोत वाकून बसलं की उठायलाच होत नाही. पॅड लावून पळाल्यानं जांघा सोलल्या जातात, मग दोन दिवस चालताना आग होते, हे तर जवळजवळ सगळ्यांचं. एक म्हणाली की तिनं मागच्या वर्षी तारीख जवळ आली म्हणून जिल्ह्याच्या निवडीला नावच दिलं नाही. पाळी आली चार दिवसांनी. निवड होऊन गेलेली होती. तिला दुखलंसुद्धा नाही त्या महिन्यात.

तिचं ते बोलणं माझ्या मनातून जात नाही. दुखण्यानं जेवढ्या मुली मैदानाबाहेर जातात, तेवढ्याच दुखेल या धास्तीनं आणि सांगता येणार नाही या खात्रीनं जातात, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे.

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. मला एक गोष्ट कधीपासून खुपत होती. चौदा वर्षांखालच्या गटात माझ्याकडे मुलींची झुंबड असते. सातवीच्या पोरी पाखरांसारख्या पळतात, संध्याकाळी घरी हाकलावं लागतं. सतरा वर्षांखालच्या गटासाठी मात्र बारा मुली जमवताना मला नाकी नऊ येतात. मी याचं खापर दहावीच्या अभ्यासावर, घरकामावर, लग्नाच्या बोलण्यांवर फोडत आले. ती कारणं खोटी नाहीत. पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी मला जे समजावून सांगितलं, त्यानं हे कोडं बरंचसं सुटलं.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही, बऱ्याच मुलींच्या शरीरात बीज तयार होऊन बाहेर पडत नाही. तशी पाळी येते ती बहुतेकदा फारशी दुखत नाही. बीज नियमित सुटायला लागलं की मग दुखणं सुरू होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्यानं गर्भाशयाचे स्नायू आवळतात, इतके की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळा येतात. हेच द्रव्य आतड्यांवर काम करतं म्हणून जुलाब आणि मळमळ. म्हणजे सहावी-सातवीत पाळी आलेल्या मुलीचं खरं दुखणं आठवी-नववीत सुरू होतं. माझा सतरा वर्षांखालचा संघ नेमका तिथंच विरळ होतो. सातवीत बिनघोर पळणारी मुलगी नववीत "आता नको मॅडम" म्हणते, तेव्हा तिचं मन बदललेलं असतं असं मी धरून चालले होते. तिचं शरीर बदललेलं असतं आणि त्याबद्दल तिच्याशी कुणी चकार शब्द काढलेला नसतो.

शाळेत पाळीवर कार्यक्रम होतात. होत नाहीत असं नाही. २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना आली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळणार होते. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. पाहुण्या बाई येतात, पॅड कसा लावायचा, कसा गुंडाळून टाकायचा हे सांगतात, हात धुवा म्हणतात. मी अशा पुष्कळ कार्यक्रमांना खुर्च्या लावल्या आहेत. त्यात दुखण्यावर एक वाक्य ऐकलेलं आठवत नाही. जणू पाळी म्हणजे फक्त स्वच्छतेचा प्रश्न. ज्या मुलीला कळांनी उभं राहवत नाही तिला आपण हात कसे धुवायचे ते शिकवतो.

आता ज्या मुलीच्या कपाळाला मी हात लावला होता तिच्याकडे येते. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही.

ती त्या शनिवारच्या बैठकीतही बोलली नव्हती. तिला दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवावी लागत होती आणि ती कधीच खरं कारण सांगत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तिला एकटीला विचारलं, डॉक्टर मॅडमकडे जाऊ या का? तिचा चेहरा एकदम उतरला. "नको मॅडम. मायची पिशवी अशीच काढली ना. पोट दुखायलंय म्हनून गेली अन् काढूनच आली. मला पण तसंच करतेल."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागातून दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं की तो खाडा, त्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही बाईला मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावं लागतं. फडावर ना संडास ना पाणी. अंगावरून जाणं, पोटात दुखणं, आतून संसर्ग, हे सगळं घेऊन बाई डॉक्टरकडे जाते आणि तिला सांगितलं जातं की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये हे सगळं बाहेर आलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-चाळिशीतल्या बायका. त्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया आहेत. पालकसभेला त्या येत नाहीत कारण त्या फडावर असतात, मुली आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात.

अशा घरातली मुलगी पोटात दुखतंय हे शब्द कसे उच्चारणार? तिनं आपल्या घरात बघितलंय की हे शब्द उच्चारल्यावर काय होतं. मला तिच्या "ताप" या एका शब्दामागे एवढं काही दडलेलं असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि मी तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली बाई आहे.

आजीला घेऊन आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. आजीनं आत शिरताशिरता पहिलं वाक्य टाकलं, "बाई, पिशवी तेवढी ठिवा." डॉक्टर मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि आजीला आधी बसायला सांगितलं. मग मुलीला विचारलं: कळ कधी सुरू होते, रक्त जायच्या आधी की नंतर? किती दिवस राहते? दिवसाला पॅड किती? शौचाला जाताना दुखतं का? पाळी नसताना दुखतं का? दरवर्षी वाढत चाललंय का? तालुक्याला पाठवून सोनोग्राफी करून घेतली, रक्त तपासलं. गर्भाशय व्यवस्थित होतं. हिमोग्लोबिन मात्र साडेआठ. "आजी, पिशवीला काही झालेलं नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पोरीच्या अंगात रक्त नाही."

रक्ताचं हे एकट्या तिचं दुखणं नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. मुली ती दप्तरात टाकतात, कारण तिनं मळमळतं म्हणे. आता माझ्या संघातल्या मुली ती माझ्यासमोर, डब्बा खाल्ल्यावर घेतात. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नाही, हा नियम मी लावला, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. घरी आजीनं शेंगदाण्याचा लाडू चालू केला. मे महिन्यापर्यंत ती मुलगी दोन फेऱ्या जास्त पळायला लागली होती, धाप न लागता.

दुखण्यासाठी डॉक्टर मॅडमनी गोळी लिहून दिली. कळ पूर्ण चढायची वाट बघायची नाही, लक्षण दिसताच काहीतरी खाऊन घ्यायची, दोन दिवस, सांगितलेल्या प्रमाणात. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, म्हणून लवकर घेतल्या की जास्त उपयोग होतो. आमच्याकडे उलटी तऱ्हा असते. आधी सोसायचं, अगदीच राहवेना की दुपारी दुकानातून सुटी गोळी आणायची, मग ती लागू पडत नाही आणि गोळीत काही दम नाही असा निष्कर्ष निघतो. पण मी स्वतः मुलींना गोळ्या वाटत नाही, हेही सांगते. २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता, आणि पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीत तेच असतं. कुणाला दमा असतो, कुणाला पित्ताचा त्रास. गोळी डॉक्टरांनी द्यावी. माझं काम मुलीला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. आणि गोळीनंही दुखणं थांबत नसेल, दर महिन्याला शाळा बुडत असेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, तर ते मोठ्या दवाखान्यात दाखवायलाच हवं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, शाळकरी मुलींनाही असतो आणि "बायकांना दुखायचंच" या एका वाक्यापायी तो वर्षानुवर्षं ओळखला जात नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ७ तारखेची रात्र, पॅरिस ऑलिंपिक, वेटलिफ्टिंगचा ४९ किलो गट. मी जागी राहून बघत होते. मीराबाई चानूनं स्नॅचमध्ये ८८ किलो उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये १११. एकूण १९९. थायलंडच्या खेळाडूनं २०० उचलले होते. एका किलोनं कांस्य गेलं. आणि नंतर पत्रकारांशी बोलताना तिनं सांगितलं की आज पाळीचा तिसरा दिवस होता, त्यानं अशक्तपणा जाणवत होता. कॅमेऱ्यासमोर, सगळ्या देशाला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत एक जण म्हणाले, "हरल्यावर सबब सांगायला काय." मला तिथं राहवलं नाही. टोकियोत रौप्य जिंकलेली बाई आहे ती, तिला सबबीची काय गरज? शंभर किलोच्या वरचं वजन उचलताना पोट, कंबर, मांड्या सगळं पणाला लागतं. तिथं पाळीचा काही परिणाम होत नसेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी घरातल्या बाईला विचारावं. एवढं बोलून मी मैदानावर गेले. मुलींना आधीच कळलं होतं. "मॅडम, तिनं खरंच टीव्हीवर सांगितलं? तिसरा दिवस म्हनून?" खात्री करून घेण्यासाठी त्यांनी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर तीनदा बघितला. मी त्यांना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या चिनी जलतरणपटू फू युआनहुईबद्दलही सांगितलं. रिलेत चीन चौथा आला, ती पाण्यातून बाहेर येऊन पोट धरून वाकली होती, आणि तिनंही विचारल्यावर सांगून टाकलं की काल पाळी आली. "पाळीत पोहायचं?" एकीचे डोळे विस्फारले. मग अर्धा तास पोहण्यावरच गेला.

पुढच्या वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. नेपाळवर ७८-४०. कर्णधार आपली प्रियांका इंगळे. आमच्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते, यावेळी मुलींनीच वर्गणी काढली. सामना संपल्यावर नववीतल्या एकीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या जणीत आज कुणाची तरी आली असंल ना?"

तिच्या प्रश्नावर मी फळ्यावर हिशेब मांडला. अठ्ठावीस दिवसांचं चक्र, त्यातले पाच दिवस पाळीचे. बारा जणींचा संघ असेल तर कुठल्याही दिवशी सरासरी दोघी पाळीत असणार. कुठल्याही दिवशी. तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला. म्हणजे ही ऐन वेळी कोसळणारी आपत्ती नाही, ही पावसाळ्यातल्या पावसासारखी ठरलेली गोष्ट आहे. मी अठरा वर्षं संघ बांधते. मुरगळलेल्या पायासाठी माझ्या पिशवीत क्रेप बँडेज असतं, फुटलेल्या गुडघ्यासाठी औषध असतं. दर सामन्याला दोघींना होणाऱ्या या दुखण्यासाठी त्या पिशवीत काहीच नव्हतं.

आता आहे. रबरी पिशवी आहे गरम पाण्याची, पाणी चहाच्या टपरीवरून मिळतं. पॅड आहेत, जास्तीची काळी चड्डी आहे, जांघांना लावायला खोबरेल तेल आहे, गुळाचा खडा आणि शेंगदाणे आहेत. एक जुनी मोठी ओढणीही आहे. स्पर्धेच्या मैदानावर संडासाला कडी नसते, बऱ्याचदा दारही नसतं, तेव्हा दोघी ओढणी धरून उभ्या राहतात. सकाळी सहाला क्रूझरमध्ये बसलेल्या मुली संध्याकाळी सातला घरी पोचतात. संडासाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. स्पर्धा घेणाऱ्यांना मी दर वर्षी लेखी अर्ज देते: मुलींच्या संडासाला कडी, पाणी आणि बादली. दोन वर्षं मिळालं, यंदा पुन्हा नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा देणार आहे.

शनिवारचा पांढरा ड्रेस घालवायला मला जास्त वेळ लागला. पांढऱ्या सलवारीपायी मुली शनिवारी येतच नव्हत्या, आणि शनिवारीच तर पीटी. विम्बल्डनसारख्या ठिकाणी, जिथं पांढऱ्याशिवाय चालत नाही, तिथंही २०२३ पासून मुलींना आतून गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळाली आहे, हे कात्रण मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. आता शनिवारी गडद निळी ट्रॅकपँट आहे.

वहीतही बदल केला. पाळीच्या दिवशी प्रत्येक मुलगी स्वतःच्या नावापुढे स्वतः एक टिंब काढते, हवं असेल तर. टिंबाच्या शेजारी १, २ किंवा ३. एक म्हणजे काही त्रास नाही, दोन म्हणजे हलका सराव, तीन म्हणजे आज नाही. तीन लिहिलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. ती कडुलिंबाखाली बसून गुण लिहिते, नाहीतर घरी जाते. यावर मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. काही आया म्हणतात, पाळीत मुळीच पळवू नका, पिशवी खाली सरकते. सरकत नाही. पळण्यानं पिशवीला काही होत नाही, उलट नेहमी व्यायाम करणाऱ्या बऱ्याच जणींच्या कळा कमी होतात. आणि काही शिक्षक म्हणतात, मग पळवाच सगळ्यांना, पळालं की बरं वाटतं. जिला उलट्या होताहेत तिला पळवून बरं वाटत नाही. काय झेपेल ते तिला कळतं. चौदा वर्षांच्या मुलीला ते ठरवता येतं का, असं मला विचारतात. तीन आकड्यांतला एक निवडण्याइतकं येतं, आणि खोटं लिहिणारी मला दोन वर्षांत एकच भेटली. तीही उलट्या बाजूनं: निवडीच्या दिवशी तिला तीनचा त्रास होता आणि तिनं एक लिहिलं होतं.

या ऑगस्टमध्ये तालुक्याची स्पर्धा होती. माझी सासू दवाखान्यात होती म्हणून सकाळच्या सामन्याला मी पोचू शकले नाही, संघाबरोबर आमचे गणिताचे सर गेले होते. सर चांगले आहेत, पण या विषयावर त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते. माझीही हिंमत झाली नव्हती. मी दुपारी पोचले तेव्हा दुसरा सामना सुरू व्हायचा होता. सर पाठमोरे बसून बाकावर खेळाडूंची यादी लिहीत होते आणि त्यांच्यासमोर माझी ती मुलगी उभी होती, आता दहावीतली. मी मागेच थांबले.

"सर, माझा आज दुसरा दिवस आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच. बाजूला मुलांचा संघ बूट बांधत होता. "पळतीला मला पहिल्या तुकडीत टाका, पळताना काही होत नाही मला. आक्रमणाला बसवू नका. वाकून बसलं की पोट आवळायलंय."

सरांचं पेन थांबलं. क्षणभर त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग यादीकडे.

"बरं," ते म्हणाले. "मग आक्रमणाला खांबावर कुणाला देऊ?"